भारताचा कसोटी संघ, निवड आणि कर्णधारपद : मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धची गुवाहाटीची कसोटी हरल्यापासून बीड, लातूर, परभणी, जालना, नांदेड, सगळीकडून प्रश्न येत आहेत. विचारणारे बहुतेक जण लेदर बॉलवर खेळणाऱ्या मुलामुलींचे आईवडील आहेत. काही तालुक्याच्या गावी नेट चालवणारे प्रशिक्षक आहेत, तर काही जण फक्त पाहणारे, पण मनापासून पाहणारे. फिरून फिरून तेच विचारलं जातं, म्हणून उत्तरं एका ठिकाणी मांडली आहेत. विषय पुरुषांच्या कसोटी संघापुरता आहे.

१. आपण तर ट्वेंटी-२० वर्ल्ड कप जिंकला, चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. मग संघ अडचणीत आहे असं का म्हणायचं?

ते दोन्ही विजय खरे आहेत. जून २०२४ मध्ये बार्बाडोसला आणि मार्च २०२५ मध्ये दुबईला आपण जिंकलो, पण ते पांढऱ्या चेंडूवर. लाल चेंडूचा हिशेब वेगळा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये इंग्लंडकडून हरल्यानंतर भारताने घरच्या मैदानावर सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या. ती साखळी २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडने तोडली, तीही ३-० अशी. त्यात बंगळुरूला ४६ धावांत सर्वबाद, घरच्या मैदानावरची आपली सगळ्यात कमी धावसंख्या. पाठोपाठ ऑस्ट्रेलियात १-३. वर्षभराने दक्षिण आफ्रिकेने घरी येऊन २-० ने हरवलं. गुवाहाटीचा पराभव ४०८ धावांचा, धावांच्या फरकाने आपला कसोटीतला सगळ्यात मोठा. मधे इंग्लंडमध्ये २-२ अशी झुंज दिली, वेस्ट इंडीजला २-० हरवलं, हेही लक्षात ठेवायला हवं. पण न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्याविरुद्धच्या घरच्या पाच कसोट्यांपैकी पाचही गेल्या. याला नुसता वाईट काळ म्हणून सोडून देता येत नाही.

२. संघ नेमका निवडतं कोण? कर्णधार, कोच की बोर्ड?

बीसीसीआयची पाच जणांची वरिष्ठ निवड समिती. सदस्य होण्यासाठी ७ कसोट्या, किंवा ३० प्रथम श्रेणी सामने, किंवा १० एकदिवसीय आणि २० प्रथम श्रेणी सामने खेळलेले असावे लागतात, आणि निवृत्तीला किमान पाच वर्षं झालेली असावी लागतात. जुलै २०२३ मध्ये अजित आगरकर अध्यक्ष झाले. कर्णधारही हीच समिती ठरवते. बैठकीत कर्णधार आणि मुख्य प्रशिक्षकाचं म्हणणं ऐकलं जातं, मत मात्र समितीच्या सदस्यांचं.

सामन्याच्या सकाळी पंधरातले अकरा निवडण्याचं काम प्रत्यक्षात कर्णधार आणि प्रशिक्षक करतात. इथेच जबाबदारी विरळ होते. समिती म्हणते आम्ही पंधरा दिले, संघ व्यवस्थापन म्हणतं आमच्या हातात होतं त्यातून निवडलं. एखादा फलंदाज दौऱ्यावर जाऊन एकही सामना न खेळता परत येतो, तेव्हा त्याला उत्तर कोणी द्यायचं हे ठरलेलंच नसतं.

३. बोर्डाचा अध्यक्ष निवड समितीचा निर्णय फिरवू शकतो का?

पूर्वी संघाला अध्यक्षांची मंजुरी लागायची आणि ती नुसती सही नव्हती. २०११-१२ मध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात आपण प्रत्येकी ०-४ हरलो. त्यानंतर धोनीचं कर्णधारपद काढण्याचा समितीचा विचार तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांनी अडवला, आणि पुढे ते त्यांनी स्वतःच सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१८ मध्ये नवी घटना आली, आणि तिच्यात निवड हे समितीचं काम म्हणून मांडलं आहे.

४. निवड समितीत मराठवाड्याचा माणूस असता तर आपल्या पोरांना न्याय मिळाला असता का?

विभागवार एकेक सदस्य घेण्याची रूढी आहे, सक्ती नाही. २०२३ मध्ये आगरकर आले तेव्हा सलील अंकोला आधीपासून समितीत होते, म्हणजे काही काळ पश्चिम विभागाचे दोघे होते. आपल्या विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे पाच संघ येतात. तिथला माणूस मराठवाड्याचाच असेल असं कसं धरणार? आणि माझ्या मते ही मागणीच चुकीच्या दाराशी आहे. मराठवाड्याच्या मुलाची गळती राष्ट्रीय समितीच्या खूप आधी होते, जिल्हा आणि राज्य पातळीवर. त्याबद्दल प्रश्न ११ आणि १२ पाहा.

५. निवडीत चुकतंय काय, ते सरळ सांगा.

माझं म्हणणं एका वाक्यात : आधी जागा ठरवायची, मग त्या जागेचा माणूस शोधायचा, मग त्याला वेळ द्यायचा. सध्या आधी माणसं गोळा होतात आणि जागा सामन्याच्या सकाळी ठरते.

तिसरा क्रमांक घ्या. द्रविड आणि मग पुजारा, असं जवळजवळ पाव शतक तिथे दोन माणसांनी सांभाळलं. पुजारा १०३ कसोट्या खेळला. २०२३ मध्ये तो बाहेर गेल्यावर शुभमन गिल तिथे आला, आणि कोहली निवृत्त झाल्यावर गिल चौथ्या क्रमांकावर सरकला. त्यानंतर जून ते नोव्हेंबर २०२५ च्या नऊ कसोट्यांत काय झालं ते बघा. लीड्सला साई सुदर्शन. बर्मिंगहॅम आणि लॉर्ड्सला करुण नायर. मँचेस्टरपासून परत सुदर्शन. दिल्लीत त्याने वेस्ट इंडीजविरुद्ध ८७ धावा केल्या, आणि पुढच्याच कसोटीत, कोलकात्याला, तो संघाबाहेर! तिसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टन सुंदर. सुंदरने त्या अवघड खेळपट्टीवर २९ आणि ३१ धावा काढल्या, दुसऱ्या डावात तोच सर्वाधिक. म्हणून त्याला तिथे ठेवलं का? नाही. गुवाहाटीत तो आठव्या क्रमांकावर आणि सुदर्शन पुन्हा तिसऱ्या. ८७ करणाऱ्याला कळत नाही आपण का गेलो, ३१ करणाऱ्याला कळत नाही आपण का सरकलो. अशाने खेळाडू संघासाठी खेळण्याआधी स्वतःची जागा वाचवायला खेळू लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

दुसरी गोष्ट अष्टपैलूंची. आठव्या-नवव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी हवी म्हणून निव्वळ गोलंदाज बाहेर बसतो. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात कुलदीप यादव पाचपैकी एकही कसोटी खेळला नाही. कसोटी जिंकायला वीस बळी लागतात. शेपटाने काढलेल्या तीस धावांनी सामना लांबतो, पण वीस बळी घेणारा माणूस बाहेर बसवून त्याची भरपाई होत नाही.

तिसरी गोष्ट परतलेल्या आणि बाजूला पडलेल्या खेळाडूंची. सरफराज खानने बंगळुरूला ४६ च्या पडझडीनंतर दुसऱ्या डावात १५० केल्या. पुढच्या चार डावांत ११, ९, ०, १. मान्य, तेही खरं. पण मग ऑस्ट्रेलियाला नेलं आणि एकही कसोटी दिली नाही. तो नको होता तर न्यायचा नव्हता. करुण नायरचं उलट झालं : त्याला चार कसोट्या मिळाल्या, २०५ धावा झाल्या, एकच अर्धशतक. त्याला वगळणं कठोर असेल, पण संधी देऊन वगळलं आहे आणि त्यामागचं कारण कुणालाही समजतं. निवड कठोर असली तरी चालते, तिचं कारण मात्र खेळाडूला कळलं पाहिजे.

६. मग फॉर्म बघायचाच नाही का?

बघायचा, पण त्या जागेचं काम कोणतं आहे ते ठरवून. उत्तम उदाहरण आपल्या बीडचं आहे. ऑगस्ट २००२, हेडिंग्ले. ढगाळ हवा, हिरवट खेळपट्टी. इंग्लंड मालिकेत १-० ने पुढे. वसीम जाफरच्या जागी संजय बांगरला सेहवागबरोबर सलामीला पाठवलं. बीडला जन्मलेला आणि रेल्वेकडून रणजी खेळणारा बांगर काही चमकदार फलंदाज म्हणून गेला नव्हता. नवा चेंडू जुना करायचा, एवढंच त्याचं काम. त्याने २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या आणि द्रविडबरोबर १७० ची भागीदारी केली. मागून सचिन १९३, गांगुली १२८, द्रविड १४८. भारताने ६२८ वर डाव सोडला आणि एक डाव ४६ धावांनी सामना जिंकला. धावफलकात ६८ हा आकडा त्या तीन शतकांखाली झाकून जातो. पण ती शतकं उभी राहायला सकाळचे ते तास कुणीतरी खेळून काढावे लागले होते, आणि संघाने त्यासाठीच माणूस निवडला होता.

७. खेळपट्ट्या आपणच फिरकीला बनवतो आणि आपणच हरतो. असं का?

काळ्या मातीचं आपल्याला सांगायला नको. पाणी धरते, वाळली की भेगा पडतात. काळ्या मातीच्या खेळपट्टीवर चेंडू बहुधा खाली राहतो, संथ येतो आणि पुढे पुढे वळतो. लाल मातीवर उसळी जास्त. पुण्याला २०२४ मध्ये खेळपट्टी काळ्या मातीची होती आणि मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले. वानखेडेला एजाज पटेलने ११. आपल्याला १४७ हव्या होत्या, १२१ ला आटोपलो. कोलकात्याला १२४ हव्या होत्या, ९३ ला आटोपलो. तिथे आपण चार फिरकीपटू खेळवले होते, पण आठ बळी घेऊन गेला त्यांचा सायमन हार्मर.

चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळायला लागला की चांगला फिरकीपटू आणि साधा फिरकीपटू यांतलं अंतर मिटतं. आपले फिरकीपटू श्रेष्ठ असतील तर ते अंतर दिसेल अशी, तिसऱ्या दिवसापासून वळणारी खेळपट्टी आपल्या फायद्याची. कोलकात्यानंतर मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर म्हणाले की खेळपट्टी आम्हाला हवी होती तशीच होती. त्यांनी जबाबदारी घेतली हे चांगलंच, पण मागणी चुकीची होती असं माझं ठाम मत आहे. आणि चांगल्या खेळपट्टीवर सगळं सुरळीत होतं असंही नाही. गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेने ४८९ केल्या, आपण २०१ आणि १४०. तो दोष मातीचा नव्हता.

८. बुमराह एवढा अनुभवी असताना गिलला कर्णधार का केलं?

बुमराहच्या नेतृत्वाखाली आपण नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थला २९५ धावांनी जिंकलो, त्यामुळे हा प्रश्न येणारच. पण त्याच दौऱ्यात सिडनीला त्याची पाठ गेली. पुढे इंग्लंडला तो पाचपैकी तीनच कसोट्या खेळला, आणि तेही आधी ठरवून. पाचही कसोट्या खेळू शकणार नाही म्हणून आपणच कर्णधारपद नको म्हटलं, असं त्याने सांगितलं आहे. मला हे पटतं. कर्णधाराची अकरातली जागा पक्की पाहिजे. तो स्वतःच येऊन-जाऊन असेल तर बाकीच्यांना स्थिर कसं करणार?

गिलला २४ मे २०२५ रोजी नेमलं. पहिल्याच मालिकेत ७५४ धावा, बर्मिंगहॅमला २६९ आणि १६१, आणि त्या मैदानावरचा भारताचा पहिला कसोटी विजय. फलंदाज म्हणून जागा पक्की आहे. डावपेच शिकायला त्याला दोन-तीन मोसम लागतील, आणि ते दिले पाहिजेत.

९. हरलो की कर्णधार बदला, एवढं साधं नाही का?

करून बघितलेलं आहे. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोट्यांत भारताचे चार कर्णधार झाले : पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मांकड आणि शेवटी आपले पुण्याचे हेमू अधिकारी. निवडीवरून वाद झाला म्हणून उम्रीगरांनी ऐनवेळी पद सोडलं होतं. मालिका ०-३ ने गेली.

उलट बाजू वाडेकरांची. १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर आले आणि त्याच वर्षी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकली. म्हणजे बदलाने घडू शकतं. पण तोच वाडेकर १९७४ मध्ये इंग्लंडला ०-३ हरला, लॉर्ड्सला ४२ धावांत संघ आटोपला, आणि परत आल्यावर त्याला पश्चिम विभागाच्या संघातूनही काढलं. तीन वर्षांपूर्वी ज्याला डोक्यावर घेतलं त्याच्याशी असं वागायला नको होतं. ते वाचताना आजही वाईट वाटतं.

तिसरं उदाहरण डिसेंबर २०२०. ॲडलेडला ३६ सर्वबाद. कोहली घरी परतला, अजिंक्य रहाणेने सूत्रं घेतली. मेलबर्नला चार बदल झाले : गिल आणि सिराज यांचं पदार्पण, साहाच्या जागी पंत, आणि कोहलीच्या जागी फलंदाज न घेता जडेजा. आठ गडी राखून जिंकलो. सिडनीची कसोटी झुंजून अनिर्णित राखली आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनच्या गॅबाला मालिका २-१ केली. कुणी म्हणेल, इथेही बदलच केले की! केले, पण घाबरून नाही. प्रत्येकाला त्याचं काम दिलेलं होतं, आणि रहाणेने पाच गोलंदाजांचा आग्रह धरला.

१०. खेळत असलेला कर्णधार धावा करत नसेल तर मालिका चालू असताना त्याला बसवावं का?

अवघड प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला रोहित शर्मा स्वतःहून बाहेर बसला. फलंदाज म्हणून त्याची जागा धोक्यात होती आणि त्याने ते ओळखलं, याबद्दल त्याचा आदर वाटतो. पण वेळ चुकली. त्याच मालिकेत ब्रिस्बेननंतर ५३७ बळी घेतलेला अश्विन निवृत्त झाला. मे २०२५ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने रोहित आणि कोहली कसोटीतून गेले. सहा महिन्यांत तीन मोठी माणसं गेली आणि त्यांच्या जागा घेणारे तयार नव्हते. अशी माणसं कधी ना कधी जाणारच. म्हणून घरची मालिका सोपी असताना नव्या मुलाला खेळवून ठेवणं, ही निवड समितीची जबाबदारी होती.

प्रशिक्षक बदलावा का, हाही प्रश्न याच्याशी जोडून येतो. जबाबदारी त्यांची आहेच, पण प्रश्न २ मधली गुंतागुंत सुटली नाही तर नवा प्रशिक्षकही तिथेच अडकेल.

११. रणजीत धावा करून उपयोग आहे का? की आयपीएलच बघतात?

जानेवारी २०२५ मध्ये बोर्डाने नियम कडक केले आणि देशांतर्गत सामने खेळणं बंधनकारक धरलं. कोहली २०१२ नंतर पहिल्यांदा रणजी खेळला, रोहित मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध खेळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच मुद्द्यावर ईशान किशन आणि श्रेयस अय्यर यांचे बोर्डाबरोबरचे वार्षिक करार गेले होते. करुण नायर परतला तो विदर्भाकडून रणजीत केलेल्या ८६३ धावांवर. तेव्हा रस्ता बंद नाही.

पण तो सगळ्यांसाठी सारखा रुंदही नाही. आपल्या भागातल्या अंकित बावणेने महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं रणजीत धावा केल्या, कर्णधारपद केलं, आणि भारताची टोपी मिळाली नाही. जालन्याच्या किंवा परभणीच्या नेटमधला चौदा वर्षांचा मुलगा हे बघत असतो. चार दिवसांचा खेळ खेळायचा की वीस षटकांचा, हा निर्णय तो संघनिवडीच्या बातम्या वाचून घेतो. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

१२. मुलगा आमखास मैदानावर टेनिस बॉल उत्तम खेळतो. त्याला पुढे कसं न्यायचं?

टेनिस बॉलमुळे हात मोकळा होतो, नजर बसते. पण लेदर बॉलची उसळी आणि शिवण वेगळी. बारा-तेराव्या वर्षापर्यंत लेदर बॉलकडे वळवा, आणि नुसत्या मॅटिंगवर ठेवू नका, मातीच्या विकेटवर खेळायला न्या. मराठवाड्याचे जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनखाली येतात. जिल्हा संघटनेची वयोगट निवड चाचणी, मग आमंत्रितांच्या स्पर्धा, मग राज्याचा संघ, अशी वाट आहे. जन्मतारखेची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून खरी आणि चोख ठेवा.

वाट चालून गेलेले आहेत. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या १९ वर्षांखालील वर्ल्ड कप उपांत्य सामन्यात, संघ ४ बाद ३२ असताना, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विजेत्या संघात होता. आणि हे कमी लोकांना आठवतं : डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एकाच कसोटीत संजय बांगर आणि औरंगाबादला जन्मलेला वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकी, दोघांनी पदार्पण केलं. सिद्दीकीला पुन्हा कसोटी मिळाली नाही.

१३. विदर्भाचा रणजी संघ आहे, मग मराठवाड्याचा का नाही?

विदर्भाची संघटना जुनी आणि बोर्डाची स्वतंत्र सदस्य आहे. महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आधीच खेळतात. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ ला रणजी जिंकली, त्यामुळे ही मागणी जोर धरते. मला वाटतं, वेगळ्या संघाआधी आठही जिल्ह्यांत प्रत्येकी एक बरी मातीची विकेट आणि वर्षभर सांभाळणारा क्युरेटर मागावा. विदर्भाची चढती कमानही मैदान, अकादमी आणि प्रशिक्षण यांवर उभी आहे.

१४. कोलकात्याला गिल मान धरून बाहेर गेला. त्याच्या जागी दुसरा फलंदाज का आला नाही?

कारण नियमात बसत नव्हतं. कसोटीत बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करतो, फलंदाजी-गोलंदाजी नाही. २०१९ पासून एकच अपवाद : डोक्याला मार लागून कन्कशन (मेंदूला धक्का) झालं तर तसाच खेळाडू आत येऊ शकतो. गिलची मान आखडली होती, त्यामुळे तो बसत नव्हता, आणि आपण दोन्ही डावांत एका फलंदाजाने कमी खेळलो. बोर्डाने २०२५-२६ च्या मोसमापासून देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर बाह्य दुखापतीसाठी बदली खेळाडूची सोय केली आहे. आंतरराष्ट्रीय कसोटीला ती लागू नाही.

१५. त्या वेळी कर्णधार कोण धरायचा? आणि पराभव कुणाच्या नावावर?

मैदानावर उपकर्णधार ऋषभ पंतने सूत्रं सांभाळली, पण नाणेफेकीला गिल गेला होता, म्हणून कोलकात्याचा पराभव नोंदीत गिलच्या नावावर आहे. गुवाहाटीला गिल खेळलाच नाही, नाणेफेक पंतने केली, तो पराभव पंतच्या नावावर. पर्थचा विजय बुमराहच्या नावावर आहे तो याच हिशेबाने.